काउंटरवरची नेपाळी : प्रश्न विचारायचा कसा

कर्वेनगरात माझं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांतले बरेच रखवालदार नेपाळचे, समोरच्या पदपथावर संध्याकाळी मोमोची गाडी लागते तीही नेपाळी माणसाची. गेली चौदा-पंधरा वर्षं ही मंडळी माझी गिऱ्हाइकं आहेत. हिंदी सगळ्यांना येतं, पण कामापुरतं. रात्री साडेनऊला तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून आलेली बाई "बुखार है" म्हणते आणि थांबते. कधीपासून, आधी काय पाजलं, डॉक्टरला दाखवलं का, हे विचारलं की तिची गडबड उडते. आमच्या धंद्यात सांगण्यापेक्षा विचारणं जास्त. म्हणून मी नेपाळी शिकलो ती प्रश्नांपासून. आजही सलग पाच मिनिटं गप्पा मारा म्हणालात तर माझी त्रेधा उडेल, पण प्रश्न मात्र चोख विचारतो.

दुपारी एक ते चार दुकान बंद. (हसायचं त्यांनी हसून घ्यावं.) त्या वेळात मोमोवाला माझ्या पायरीवर बसून कोबी चिरतो. तोच माझा मास्तर. आईबापांचा दुसरा मुलगा म्हणून सगळे त्याला 'माइला' म्हणतात. थोरला जेठा, दुसरा माइला, तिसरा साइँला, चौथा काइँला आणि शेंडेफळ कान्छा. तो मला 'दाइ' म्हणतो, मी त्याला 'भाइ'. गाव अछाम जिल्ह्यात, नेपाळच्या पार पश्चिमेकडे. घरी फोनवर तो तिकडच्या बोलीत बोलतो तेव्हा मला ओ का ठो कळत नाही. मला शिकवतो ती शाळेतली, रेडिओवरची नेपाळी. ती कुठल्याही नेपाळी माणसाला समजते, दार्जिलिंग-सिक्कीमच्या माणसालाही. आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत नेपाळी १९९२ साली आली, कोकणी आणि मणिपुरीच्या जोडीनं. तेव्हा ती परकी भाषा आहे असं समजून घाबरायचं कारण नाही. लिपी तर आपलीच. इतकी आपली की 'दुसर्‍या'मधला आपला तो आडवा अर्धा र नेपाळीतही आहे : गर्‍यो, पर्‍यो.

आता पहिली फजिती सांगतो, कारण सगळ्यात महत्त्वाचा नियम तिच्यातच आहे.

शिकायला लागून आठवडा झाला असेल. माइला आला, मी ऐटीत विचारलं, "खाना खानुभयो का?" तो म्हणाला, "घरमै." मला वाटलं, जेवला का विचारलं तर हा घरीच म्हणतो, म्हणजे जेवला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. "खाना खानुभयो का?" "घरमै, दाइ." तिसऱ्या दिवशी त्यानं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, रोज कुठं जेवलो ते कशाला विचारता? नेपाळीत 'कुठं'ला 'कहाँ' म्हणतात आणि बोलताना त्याचं 'काँ' होतं. माझं मराठी 'का' त्याच्या कानात 'काँ' होऊन शिरत होतं. मी विचारत होतो 'जेवलात का', त्याला ऐकू येत होतं 'जेवलात, कुठं?'

तर नियम असा : हो-नाहीच्या प्रश्नाला शेवटी काहीही चिकटवायचं नाही. सरळ विधान करायचं आणि शेवटचा स्वर वर न्यायचा.

खाना खानुभयो. म्हणजे जेवलात. (सांगितलं.)
खाना खानुभयो? म्हणजे जेवलात का?

आपण तरी प्रत्येक वेळी कुठं 'का' लावतो? दारात आलेल्याला "जेवलात?" एवढंच म्हणतो की. तेच. पुस्तकात सुरुवातीला 'के' लावलेला प्रश्न दिसेल : "के तपाईंले खाना खानुभयो?" बरोबर आहे, पण तो बातम्यांतला आणि अर्जांतला थाट. पायरीवर बसलेल्या माणसाला असं विचारलंत तर तो आधी सरळ बसेल.

'हो'चा मोह आवरा

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, आणि खरं सांगायचं तर ती कळली तेव्हाच मला नेपाळी येऊ लागली असं मी धरतो.

नेपाळीत 'हो' आहे. आपल्याला वाटतं, वा, एक शब्द तरी फुकट मिळाला. एकदा एका मुलानं चिठ्ठी पुढं केली आणि विचारलं, "दाइ, यो औषधि छ?" मी म्हणालो, "हो." तो उभाच. पुन्हा, "छ?" मी पुन्हा, "हो." शेवटी मी औषध काढून समोर ठेवलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

नेपाळीत 'आहे' दोन प्रकारचं आहे. 'हो' म्हणजे अमुक ही वस्तू तमुक आहे, हे ओळखणारं. 'छ' म्हणजे असणं : कुठं आहे, कसं आहे, जवळ आहे की नाही. "यो के हो?" हे काय आहे? "औषधि कहाँ छ?" औषध कुठं आहे? आणि उत्तर देताना प्रश्नातलंच क्रियापद उचलून परत द्यायचं. 'छ?' विचारलं तर 'छ' किंवा 'छैन'. 'हो?' विचारलं तर 'हो' किंवा 'होइन'. सरसकट सगळ्याला पुरणारं आपलं 'हो' तिथं नाही.

हे आपल्याला अजिबात परकं नाही बरं का. "दूध आहे?" "आहे." "निघालास?" "निघालो." आपणही क्रियापद परत देतोच, फक्त सोबत 'हो'ही खपवतो. नेपाळीत ती सोय नाही असं समजून चाललात तर चुकणार नाही. जेवलात विचारलं तर 'खाएँ', जेवलो. जाणार विचारलं तर 'जान्छु'. समजलं विचारलं तर 'बुझेँ', नाही समजलं तर 'बुझिनँ'. म्हणून प्रश्न शिकताना त्याचं उत्तरही जोडीनंच पाठ करायचं. मी चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूला असे जोड लिहून ठेवले होते. जानुहुन्छ–जान्छु, आउनुभयो–आएँ, बस्नुहुन्छ–बस्छु. प्रश्न तुम्हीला, उत्तर मीला. पाठ केलेला प्रश्न विचारणं सोपं असतं, पण समोरच्याचं उत्तर ओळखू आलं नाही तर विचारून काय उपयोग?

कोण, कुठला, कसा

प्रश्नाचे शब्द मोजके. के म्हणजे काय. को म्हणजे कोण. कहाँ कुठं, कता कुणीकडं, कहिले कधी, किन का, कति किती. वाक्यात ते आपल्यासारखेच क्रियापदाच्या आधी येऊन बसतात, त्यासाठी कसलीही उलटापालट करावी लागत नाही. "तपाईं कहिले आउनुभयो?" तुम्ही कधी आलात? शब्दाखाली शब्द ठेवा, बसतो. दुहेरी प्रश्नही आपलेच. के के म्हणजे काय काय, को को म्हणजे कोण कोण, आणि किती जण विचारायचं तर "कति जना?" वस्तू मोजायच्या तर "कतिवटा?" गोळ्या कतिवटा, माणसं कति जना.

पण दोन ठिकाणी मराठी माणूस हमखास घसरतो.

एक 'कुन'. आपल्या कानाला तो 'कोण' वाटतो. तो 'कोण' नाही, तो 'कुठला, कोणता' आहे. "कुन औषधि?" कुठलं औषध? कोण विचारायला 'को'. "को आयो?" कोण आलं? आणि 'कोणी केलं' म्हणताना 'को'चं 'कसले' होतं. आपला 'ने' तसा त्यांचा 'ले'. "यो औषधि कसले दियो?" हे औषध कोणी दिलं? कुणाचं विचारायला 'कसको', कुणाला विचारायला 'कसलाई'. आणखी एक बारीक गोष्ट. आपण 'मी खाल्लं, तुम्ही खाल्लंत' म्हणतो, त्याला 'ने' लावत नाही. नेपाळीत तिथंही 'ले' लागतो : मैले, तपाईंले. "तपाईंले के खानुभयो?" विसरलात तरी कळतं, पण परका वास येतो.

दुसरी घसरण 'कसा'ची. आपला एकच 'कसा' दोन कामं करतो. पोरगा कसा आहे, आणि पोरगा कसा आला. नेपाळीत यांचे शब्द वेगळे. गुण, स्थिती, प्रकार विचारायचा तर 'कस्तो'. रीत विचारायची तर 'कसरी'. "बच्चा कस्तो छ?" पोर कसं आहे? "बच्चा कसरी लड्यो?" पोर कसं पडलं? हो, इथं 'लड्यो' म्हणजे पडलं, भांडलं नाही. माझ्याकडे एकानं गुडघा फुटलेलं पोर आणलं आणि म्हणाला, "लड्यो." मी पोराला दम भरला, कुणाशी मारामारी केलीस म्हणून. ते बिचारं जिन्यावरून पडलं होतं.

असे फसवे शब्द निघतच राहतात. 'बस्नु' म्हणजे बसणं आणि राहणंही. "कहाँ बस्नुहुन्छ?" म्हणजे कुठं राहता? पुण्यातल्या पुरुषांना 'कुठं बसता' या प्रश्नाचा संध्याकाळनंतर निराळाच अर्थ लागतो, पण तो इथं नाही. "पानी पर्‍यो?" म्हणजे पाणी सांडलं नव्हे, पाऊस पडला का. आणि 'जाडो'. डिसेंबरात सकाळी माइलाच्या बायकोनं माझ्या बायकोला काळजीनं विचारलं, "दिदी, जाडो भयो?" दुकानाच्या दारात क्षणभर शांतता. 'जाडो' म्हणजे थंडी. तिनं विचारलं होतं, थंडी वाजतेय का? घरी हे प्रकरण मिटवायला मला पूर्ण संध्याकाळ लागली, आणि शब्द मात्र जन्माचा लक्षात राहिला.

तू, तुम्ही आणि मधला

नेपाळीत 'तँ', 'तिमी', 'तपाईं', आणि त्याच्यावर 'हजुर'. मराठी माणसाला वाटतं तू म्हणजे तँ, तुम्ही म्हणजे तिमी. इथं खड्डा आहे. समोर चायनीजच्या गाडीवर दोन पोरं एकमेकांना "तँ कहाँ जान्छस्?" म्हणताना मी ऐकली, आवडलं, उचललं. संध्याकाळी आमच्या सोसायटीचे रखवालदार आले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांना मी हसून विचारलं, "कहाँ जान्छस्?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सुटे पैसे उचलले आणि गेले. 'तँ' हा जिवलग मित्राला, पोराला, नाहीतर भांडणात. दुसऱ्या दिवशी माइलाकडून हे कळल्यावर मी त्यांच्या गेटवर जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि मुद्दाम विचारलं, "दाइ, कहाँ जानुहुन्छ?" माझ्याहून मोठा माणूस मला दाइ म्हणाला. वर्मी बसायचं ते बसलं.

तेव्हा पहिली दोन वर्षं फक्त 'तपाईं'. लहान मुलाला 'तिमी' म्हणालात तर चालेल, बाकी सगळ्यांना तपाईं. सुदैवानं व्याकरणही त्याचंच सर्वांत सोपं. कोशातलं क्रियापद घ्यायचं : जानु, खानु, आउनु, बस्नु, गर्नु, भन्नु. त्याला 'हुन्छ' जोडलं की वर्तमान आणि भविष्य दोन्ही झाले, 'भयो' जोडलं की भूतकाळ.

जानुहुन्छ? जाता, जाणार?
जानुभयो? गेलात?

बस्, संपलं. बाईमाणसाला वेगळं रूप नाही, आलात-आल्यात नाही. नकार हवा तर जानुहुन्न, जानुभएन. बोलताना 'खानुहुन्छ'मधला मधला 'हु' गिळला जातो, 'खानुन्छ' असं काहीतरी ऐकू येतं. ऐकायला त्याची सवय करा, स्वतः मात्र पूर्ण म्हणा. 'छ'चा उच्चार आपल्या 'छत्री'तल्यासारखा नको, आपल्या 'चाक'मधल्या च ला श्वास जोडा, जवळपास पोचाल. 'च'ही तसाच, चाकातला. आणि ते सिनेमातलं 'शाब, शाब' डोक्यातून काढून टाका. माझ्या काउंटरवर एवढ्या वर्षांत एकानंही तसं म्हटलेलं नाही. उलट श चाच स होतो, शनिवारला 'सनिबार' म्हणतात.

तपाईंच्या पुढं नातं जोडलं की प्रश्न माणसासारखा वाटतो. मोठा पुरुष दाइ, लहान भाइ, मोठी बाई दिदी, लहान बहिनी, आईच्या वयाची आमा, बापाच्या वयाचा बुबा. "दिदी, के चाहियो?" ताई, काय हवं? दुकानात सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य हेच असेल.

एका रात्रीचे प्रश्न

वर म्हटलं ती तापलेल्या पोराची आई आता पुरी सांगतो. भाषा शिकल्याच्या दीड-एक वर्षानंतर अशीच एक बाई आली. बंद करायच्या वेळेला. मी शटर अर्धं ओढलेलं.

"के भयो, बहिनी?" काय झालं?
"ज्वरो आयो." ताप आला.
"कहिलेदेखि?" कधीपासून?
"हिजोदेखि." कालपासून. हिजो म्हणजे काल, भोलि म्हणजे उद्या.
"कति वर्षको भयो?" किती वर्षांचा झाला?
"दुई."
"तौल कति छ?" वजन किती आहे?
"थाहा छैन." माहीत नाही.

काट्यावर आधी पोरासकट आई, मग नुसती आई. वजाबाकी केली.

"बान्ता भयो?" उलटी झाली?
"भएन."
"डाक्टरलाई देखाउनुभयो?" डॉक्टरांना दाखवलं?
"देखाइनँ." नाही दाखवलं.
"आज औषधि खुवाउनुभयो?" आज काही औषध पाजलं?
"खुवाएँ."
"कुन?"

तिनं पिशवीतून बाटली काढली. शेजारणीनं दिलेली. कंपनी दुसरी, नाव दुसरं, आत पॅरासिटामॉलच. मी हातात घेऊन ठेवलेल्या बाटलीतही तेच. हिंदीत मी "कोई दवा दिया?" विचारलं असतं तर ती बहुधा नाहीच म्हणाली असती, कारण तिच्या लेखी दवा म्हणजे डॉक्टरची. 'खुवाउनुभयो' म्हटल्यावर तिला चमचा आठवला.

"कति पटक?" किती वेळा?
"तीन पटक."
"अहिले खुवाउनुभयो?" आत्ता पाजलंत?
"भर्खरै." नुकतंच.

माझ्या हातातली बाटली परत फळीवर गेली. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर दहापर्यंत असतात, तिकडे पाठवलं.

यातले सगळे प्रश्न दोन-तीन शब्दांचे आहेत हे बघा. लांब वाक्याच्या नादी लागू नका. 'कहिलेदेखि', 'कुन', 'कति पटक' हे एकेकटे उभे राहतात आणि घाईत तेच कामी येतात. अशाच जोडीला : कहाँ दुख्यो, कुठं दुखतंय? टाउको डोकं, पेट पोट. खोकी लाग्यो? भोक लाग्यो? (हे तर भाषांतराविनाच कळतं.) चिनी रोग छ? म्हणजे मधुमेह आहे का, चिनी म्हणजे साखर. आणि बाईला औषध देताना, आवाज खाली करून, पेटमा बच्चा छ?

वय विचारताना मात्र सावध. एकदा एका विम्याच्या फॉर्मसाठी माइलाला जन्मसाल विचारलं, "जन्म कहिले भयो?" तो म्हणाला, "२०४१ साल." मी चश्मा काढून पुसला. नेपाळात विक्रम संवत चालतो, आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढं, वर्ष बदलतं एप्रिलच्या मध्याला. २०४१ म्हणजे १९८४ किंवा, जन्म जानेवारी ते मध्य एप्रिल यातला असेल तर, १९८५. महिना विचारलाच पाहिजे. "कति बज्यो?" किती वाजले, याचंही तसंच. फोन गावच्या वेळेवर ठेवलेल्या माणसाचं घड्याळ बरोबर पंधरा मिनिटं पुढं असतं.

प्रश्नाची शेपटं

प्रश्नाच्या शेवटी 'का' लावायचं नाही म्हणालो, पण नेपाळी माणूस शेवटी काही ना काही लावतोच. फक्त त्याची शेपटं निराळी, आणि गंमत अशी की त्यांच्यात आपलीच चाल दिसते.

'र' हे आश्चर्याचं. "हो र?" म्हणजे आपलं "हो का?" "तपाईंलाई नेपाली आउँछ र?" तुम्हाला नेपाळी येतं होय? हे मला सगळे विचारतात. 'नि' म्हणजे 'आणि अमक्याचं काय'. "म सञ्चै छु, तपाईं नि?" मी बरा आहे, नि तुम्ही? आपण 'नि' आधी म्हणतो, ते मागून. 'होला' लावलं की प्रश्न मऊ होतो. "कति होला?" किती असेल? भाव विचारायला हे बरं, "कति हो?"पेक्षा भांडण कमी होतं. 'न' हा आपला 'ना'. "फेरि भन्नुस् न", पुन्हा सांगा ना. "बिस्तारै बोल्नुस् न", सावकाश बोला ना. ही दोन वाक्यं प्रश्न नाहीत, पण त्यांच्याशिवाय प्रश्न विचारायच्या भानगडीत पडू नका. दोन पर्याय द्यायचे तर मध्ये 'कि', आपली 'की'. "चिया कि कफी?" चहा ते 'खातात', हेही लक्षात ठेवा : "चिया खानुहुन्छ?"

'हुन्छ' हा शब्द म्हणजे आपला 'चालेल'. "भोलि आउँदा हुन्छ?" उद्या आलं तर चालेल? उत्तर "हुन्छ." उधारी मागणारा नेपाळी माणूसही यातच मागतो आणि मी "हुँदैन" म्हणायला शिकलो तेही यातच.

राहिलं एक, आणि माझं सगळ्यात लाडकं. क्रियापदाला 'ने' लावायचं आणि स्वर चढवायचा. जाने? खाने? हे थेट आपलं जायचं? खायचं? कुणी, कधी, आदर, अनादर काही लागत नाही. "के गर्ने?" काय करायचं? "कसरी जाने?" कसं जायचं? दसैँ जवळ आला, म्हणजे आपलं नवरात्र-दसरा, की दुपारी पायरीवर हेच चालतं. "कहिले जाने?" कधी जायचं? रेल्वेनं दिल्ली, मग बसनं बनबासा, पलीकडे महेन्द्रनगर, पुढं डोंगरातून अछाम. "कति दिन लाग्छ?" "तीन." कोबी चिरता चिरता तो तीन बोटं दाखवतो.

गिऱ्हाइकंही मला याच रूपात विचारतात. "यो औषधि कसरी खाने?" औषधही खायचंच. मी सांगतो, बिहान एउटा, बेलुका एउटा, सकाळी एक, संध्याकाळी एक, खाना खाएपछि, म्हणजे जेवणानंतर. मग विचारायचो, "बुझ्नुभयो?" आणि समोरून यायचं, "हजुर."

या 'हजुर'नं मला फार दिवस फसवलं. हजुर म्हणजे होय, हजुर म्हणजे ऐकतोय, आणि स्वर चढवून "हजुर?" म्हणजे काय म्हणालात. एका म्हाताऱ्या बुबांनी सगळ्याला हजुर म्हटलं आणि दोन दिवसांच्या गोळ्या एका दुपारी संपवल्या. साध्या व्हिटॅमिनच्या होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मी 'बुझ्नुभयो' विचारायचं सोडलं. पुडी हातात द्यायच्या आधी तिच्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "अब कसरी खाने, भन्नुस् न." आता कसं घ्यायचं, तुम्हीच सांगा.

काल ते बुबा पुन्हा आले होते. मी बोट ठेवलं. ते थांबले, हसले, आणि शाळेतल्या मुलासारखं म्हणाले, "बिहान एउटा. बेलुका एउटा. खाना खाएपछि."

"अनि दिउँसो?" आणि दुपारी?

"दिउँसो त तपाईंको पसल बन्द हुन्छ नि," बुबा म्हणाले. दुपारी तर तुमचं दुकान बंद असतं ना.